शहाहत्तराव्या वर्षी पुन्हा कोलोनोस्कोपी

2019 च्या जानेवारीत कॅन्सरमुळे माझ्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. त्याआधी संडासातून रक्त पडलं नव्हतं की पोट दुखलं नव्हतं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी दिवाणजी होतो. माडीचा जिना चढताना दम लागायला लागला, एवढंच. हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं. लोहाच्या गोळ्या दोन महिने खाऊनही वर येईना, तेव्हा एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "काका, रक्त जातंय कुठं, ते नको का बघायला?" उजव्या बाजूची गाठ पुष्कळदा अशीच असते. आतल्या आत झिरपत राहते, डोळ्यांना दिसत नाही. कॅन्सर पसरला का हे बघायला आतड्याजवळच्या 14 लसिका ग्रंथी काढल्या होत्या, त्यांत काही सापडलं नाही, केमो लागली नाही. पाहुणेरावळे म्हणाले, सुटलात.

सर्जननी मात्र एका कागदावर पुढचं सगळं लिहून दिलं होतं. सीईए नावाची रक्ततपासणी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, मग पाच वर्षं होईतो दर सहा महिन्यांनी. सीटी स्कॅन वर्षातून एकदा. कोलोनोस्कोपी, म्हणजे संडासाच्या जागेतून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं आतून बघणं, एका वर्षानं, मग तीन वर्षांनी, मग पाच-पाच वर्षांनी. तो कागद ज्या फाइलीत होता ती ऑगस्ट 2019 च्या महापुरात गेली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 च्याही वर गेलेलं. आमचं घर गावभागात. आठ दिवसांनी परत आलो तर फडताळात गाळाचा एक लगदा होता. बायोप्सीचा रिपोर्ट लॅबमधून पुन्हा काढून आणला. तेव्हापासून प्रत्येक कागदाचा फोटो मुलाच्या आणि सुनेच्या, दोघांच्या मोबाईलमध्ये असतो.

पहिल्या वर्षाची कोलोनोस्कोपी फेब्रुवारी 2020 मध्ये ठरली आणि वाया गेली. दवाखान्यानं दिलेला सूचनांचा कागद सगळा इंग्रजीत. सांगायला कुणी बसलं नाही. मी आदल्या दिवशी सकाळी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत खाल्लं, आतडं साफ करायच्या पावडरीचं सगळं पाणी रात्रीच पिऊन टाकलं. डॉक्टरांनी नळी अर्ध्यातून मागे घेतली. आतडं साफ नव्हतं, भिंत दिसतच नव्हती. पुन्हा तारीख घ्यायची तर लॉकडाऊन लागला. शेवटी डिसेंबर 2020 मध्ये ती झाली आणि डाव्या बाजूला 6 मिलिमीटरचा एक पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर उगवलेला कोंब, निघाला. तो तिथंच कापून काढला. कॅन्सर नव्हता, पण ज्या जातीच्या पॉलिपातून पुढे कॅन्सर होतो त्या जातीचा होता. ती नऊ-दहा महिन्यांची दिरंगाई आठवली की आजही जिवाला लागतं. मराठीत चार ओळी लिहून द्यायला कितीसा वेळ लागतो?

"तीन वर्षांनी या," म्हणाले. डिसेंबर 2023 आला आणि गेला. दवाखान्यातून फोन नाही, निरोप नाही. मी सीईए नेमानं करत होतो, आकडा दोनच्या आसपास, त्यामुळे मीही निर्धास्त. 2024 च्या दिवाळीत सून मोबाईलमधले जुने फोटो चाळत होती. तिनं विचारलं, "बाबा, ही तीन वर्षांची तपासणी झाली का?"

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं की सीईए हे जुना कॅन्सर कुठं परतला का याची चाहूल घेण्यासाठी असतं, आणि तेही दर वेळी चाहूल लागतेच असं नाही. नव्यानं उगवणारा पॉलिप त्यात दिसत नाही. त्याला आत जाऊन बघणं हाच मार्ग. शौचाची साधी तपासणीही एकदा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाला पुरत नाही.

मी सरळ विचारलं, "डॉक्टर, या वयात करायची का? खरं सांगा." त्यांनी लगेच हो म्हटलं नाही, हे मला फार बरं वाटलं. हृदयाचं काही आहे का, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन किती, जिने चढता का, पूर्वी कधी चक्कर येऊन पडलात का, सगळं विचारलं. म्हणाले, "वय हा एकच आकडा बघून मी ठरवत नाही. पॉलिपचा कॅन्सर व्हायला बहुधा वर्षानुवर्षं लागतात. तुमची तब्येत तेवढी साथ देणारी असेल आणि काही सापडलं तर उपचार घ्यायची तुमची तयारी असेल, तर बघण्यात अर्थ आहे." धोकेही सांगितले. क्वचित आतड्याला भोक पडू शकतं, पॉलिप काढला तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि म्हाताऱ्या माणसाला जुलाबांनी अशक्तपणा येऊन रात्री संडासाच्या वाटेवर पडण्याची भीती असते. मी रोज पहाटे हरिपूरच्या संगमेश्वरापर्यंत चालत जातो. घरी येऊन हिच्याशी बोललो. ती म्हणाली, "अहो, निम्म्यात सोडायला हे काय आजचं आहे का?"

या वेळी सगळं मी मराठीत वहीत लिहून घेतलं. लोहाची गोळी आठवडाभर आधी बंद. तीन दिवस भाकरी, पालेभाजी, पेरू, द्राक्षं, तीळ, शेंगदाणे काही नाही. भडंग तर नाहीच. पांढरा मऊ भात, गाळलेलं ताक, उकडलेला सोललेला बटाटा. आदल्या दिवशी फक्त गाळीव पातळ: शहाळ्याचं पाणी, गाळून घेतलेलं वरणाचं पाणी, बिनदुधाचा चहा. साखरेची गोळी आणि रक्तदाबाची लघवीची गोळी त्या दिवशी घेऊ नका असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं; ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

पावडर दोन लिटर पाण्यात. एक लिटर संध्याकाळी, एक लिटर पहाटे, दर पंधरा मिनिटांनी एक पेला. चव खारट, तेलकट, जिभेवर बसून राहणारी. गार करून प्यायलं की जरा सोपं जातं. अडतीवर पोती मोजताना आम्ही चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो. तसंच वहीत पेले मांडत गेलो. तिसऱ्या पेल्याला उमासे आले, अर्धा तास थांबलो, पुन्हा सुरू केलं. हिनं संडासापर्यंतचा दिवा रात्रभर चालू ठेवला, वाटेतली सतरंजी काढून टाकली आणि मुलगा बाहेरच्या खोलीत झोपला. पहाटे चारला पाचवा पेला, आडवी रेघ. आठवा संपला तेव्हा बाहेर पडणारं पाणी फिकट पिवळं, स्वच्छ झालं होतं. हळदीचं पाणी दिसावं तसं.

तपासणी स्वतः काहीच नाही. डाव्या कुशीवर झोपवलं, सलाईनमधून झोपेचं औषध दिलं, जागा झालो तेव्हा पोट थोडं फुगलेलं. ऑपरेशनमध्ये घातलेला आतड्याचा जोड उत्तम होता. 4 मिलिमीटरचा एक पॉलिप मिळाला, तोही काढला. आयुष्मान कार्ड माझ्याकडे आहे, पण ते दाखल होऊन घ्यायच्या उपचारांना. ही तपासणी करून त्याच दिवशी घरी आलो, पैसे आमचे गेले. पुढची तारीख काय, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "पाच वर्षांनी ऐंशी ओलांडाल, तेव्हा तुमची तब्येत बघून दोघं मिळून ठरवू. मुलगा कितीचा?"

सेहेचाळीस म्हटलं. आईवडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर मुलांची तपासणी चाळिशीतच सुरू व्हायला हवी, हे मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मुलगा आधी टाळत होता, शेताची कामं, ऊसतोड, एक ना दोन. मग एका रात्री आपणहून माझी वही मागून घेतली. त्याची तारीख पुढच्या बुधवारी आहे. कोऱ्या पानावर मी त्याला तीन दिवसांचं जेवण आणि गोळ्यांच्या वेळा लिहून दिल्यात. खाली आठ पेल्यांच्या रेघांसाठी जागा सोडलीय.