जाहिरातीतला ओढा आणि आमची फरशी

सकाळी साडेसहाच्या बॅचचा पोरगा गाडीत बसला आणि सीटबेल्ट लावायच्या आधी त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "ताई, हाई कसं करतस?"

एका नव्या एसयूव्हीची जाहिरात होती. ओला घाट, वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर घसरतो, तरी ती तोल न जाता सरळ होते. पुढच्याच क्षणी ओढ्यात शिरते आणि दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उडवत पलीकडे निघते. पोरगा नुकताच अठरा पूर्ण झालेला. लर्निंग लायसन्सला दहा दिवस झालेत, चढावर हाफ क्लच अजून जमत नाही.

मी चाळीसगावात सोळा वर्षं ड्रायव्हिंग शिकवते. असा प्रश्न आला की "ते आपल्यासाठी नाही" म्हणून मी उडवून लावत नाही. पोराने मनापासून विचारलेलं असतं. गाडी रसवंतीसमोर सावलीला लावली आणि सगळं सांगितलं.

गाडी अशी घसरवायला बहुतेक वेळा हँडब्रेक वापरतात. तो मागच्या चाकांना धरतो. वेगात ओढला की ती चाकं जाम होतात, रस्त्यावरची पकड सुटते आणि मागचा भाग बाहेर फेकला जातो. त्यानंतर गाडी कुठे थांबेल हे स्टिअरिंगवरच्या माणसाच्या वर्षानुवर्षांच्या सरावावर असतं, गाडीच्या मॉडेलवर नाही. शूटिंगला रस्ता दोन्हीकडून बंद केलेला असतो आणि एकच वळण अनेकदा घेतलं जातं. कॅमेरा दुसऱ्या गाडीवरच्या लांब क्रेनला, जमिनीलगत. इतक्या खालून वाइड लेन्सने पाहिलं की साधा वेगसुद्धा सुसाट वाटतो. सेकंदाला कमी चित्रं (फ्रेम) टिपून शूटिंग केलं आणि ते नेहमीच्या गतीने दाखवलं की गाडी आणखी पळते. २०१६ मध्ये 'द मिल' नावाच्या कंपनीने ब्लॅकबर्ड ही गाडी दाखवली होती. तिची लांबी-रुंदी हवी तशी बदलता येते, आणि शूटिंग झाल्यावर संगणकात तिच्यावर हव्या त्या मॉडेलचं रूप चढवतात. म्हणजे घसरताना दिसणारी गाडी त्या रस्त्यावर कधी गेलेलीच नसेल, असंही होऊ शकतं. हे ऐकून पोरगा बराच वेळ गप्प होता.

आपल्याकडे यावर नियमावली आहे. जाहिरातदारांनी स्वतःहून १९८५ साली स्थापन केलेली जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, वाहनांच्या जाहिरातींसाठी सांगते की वाहतुकीचे नियम मोडताना दाखवू नका, बेफाम वेगाला उत्तेजन देऊ नका, आणि कसबी ड्रायव्हरचे स्टंट दाखवलेत तर वाचता येईल अशी सूचना द्या. वाचता येईल, हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. त्या मोबाइलवरच्या जाहिरातीत तळाशी एक बारीक पांढरी इंग्रजी ओळ होती आणि दोन सेकंदांत गेली. मी थांबवून, मोठी करून वाचली. गाडी दाखवताना तीस सेकंद डोळे दिपवायचे आणि जीव वाचवणारी गोष्ट मुंगीएवढ्या अक्षरात लिहायची, याचा मला खरोखर राग येतो. पोरं जे दिसतं तेच शिकतात.

आणि मला घसरण्यापेक्षा जास्त भीती त्या ओढ्याची वाटते.

घाटात गाडी घसरवायची हिंमत सहसा कुणी करत नाही. कन्नड घाटाची वळणं पाहिली की पाय आपोआप ब्रेककडे जातो. पण पाणी? पाटणादेवीकडे पावसाळ्यात पोरांच्या गाड्याच गाड्या असतात, आणि आमच्या भागात नाल्यांवर अजून कितीतरी फरश्या, म्हणजे पूर आला की पाणी वरून जाणारे बुटके पूल, आहेत. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडेच शिकून गेलेला एक मुलगा अशाच फरशीवर अडकला. पाणी गढूळ, खाली किती ते दिसत नव्हतं. जाहिरातीतल्यासारखं पाणी उडावं म्हणून त्याने वेग वाढवला. वेगामुळे बोनेटसमोर पाण्याची लाट उभी राहिली आणि ते पाणी हवेच्या नळीतून इंजिनात गेलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. गाडी फरशीच्या मध्यात बंद. त्याने सेल मारून पाहिला, तेही चूक. पाण्यात बंद पडलेलं इंजिन पुन्हा सुरू करायचंच नसतं. गावातल्या लोकांनी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढलं. विम्यात इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नव्हतं, म्हणून सगळा खर्च त्याच्या वडिलांच्या अंगावर आला. त्या वर्षीच्या कापसाचे पैसे त्यात गेले.

तो वाचला, कारण पाणी जवळजवळ थांबलेलं होतं. वाहतं पाणी असतं तर गोष्ट वेगळी. साधारण एक फूट वाहतं पाणी लहान गाडीला ढकलत नेऊ शकतं, दोन फुटांत मोठ्या गाड्यांचाही भरवसा नाही. २०२१ च्या ऑगस्टअखेर तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला, त्याच वेळी कन्नड घाटात दरडी कोसळल्या. तेव्हाचं चाळीसगाव ज्याने पाहिलं, त्याला पाण्याच्या भिंती उडवणारी जाहिरात बघवणार नाही. मला बघवत नाही.

त्या मुलाचे वडील भेटायला आले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "ताई, पाण्याचं शिकवलं नव्हतं का?" नव्हतं. आरटीओच्या टेस्टला आठचा आकडा लागतो, रिव्हर्स लागतो, चढ लागतो. फरशी लागत नाही. म्हणून मी कधी शिकवलीच नव्हती.

आता प्रत्येक बॅचला, पावसाळा असो नसो, मी एका कोरड्या फरशीवर नेते. गाडीतून उतरायला लावते. कडेच्या दगडांवर मागच्या पुराची चिखलाची रेघ असते, ती हाताने दाखवायला सांगते आणि मग त्याच उंचीवर गाडीच्या दारापाशी हात धरायला लावते. बहुतेकांचा हात खिडकीच्या काचेला लागतो.

त्या पोरालाही परवा नेलं. हात धरून तो तसाच उभा राहिला. मग त्याने मोबाइल काढला, ती जाहिरात पुन्हा लावली आणि ओढ्याच्या जागी थांबवून म्हणाला, "ताई, इथं काठावर रेघच नाही."