कापूस घरीच ठेवायचा

९ डिसेंबर, रात्री

तारखा आज पक्क्या झाल्या. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. तोवर तूर घरात आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी उरलीच तर बाबा पाहून घेतात, आणि हरभरा काढायला अवकाश असतो. शेतकऱ्याच्या घरातून एवढे दिवस बाहेर पडायचं तर हीच काय ती मोकळीक. पहाडाच्या बाजूनेही हा काळ बरा. नाताळ-नववर्षाची गर्दी ओसरलेली, दिवस जरा लांबलेला, आणि बर्फ मात्र भरपूर.

जायचं केदारकंठ्याला, उत्तराखंडातल्या हिमालयाच्या एका शिखरावर. उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सांकरी गावातून वाट सुरू होते. सांकरीच १,९५० मीटरच्या आसपास आहे आणि शिखर ३,८०० मीटर. परतवाड्याहून घाट चढून आपण ज्या चिखलदऱ्याला थंड हवा खायला जातो, ते १,१०० मीटरच्या जेमतेम वर. दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात अक्षांश वेगळा, वारा वेगळा. वरच्या मुक्कामी रात्री पारा शून्याच्या दहा अंश खाली जाऊ शकतो, हे धरूनच तयारी करायची.

मला भीती थंडीपेक्षा ओलीची जास्त वाटते. ती कुठून आली तेही सांगतो. मागच्या आठवड्यात हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाइन, म्हणजे वीज, होती. दोन वाजता स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढे न्यायचे होते. पाइप सुटा केला की आतलं पाणी सरळ अंगावर येतं. सदरा छातीला चिकटला, पँट गुडघ्यापर्यंत भिजली. गारठा तसा रोजचाच होता, पण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वारा सुटला आणि बोटं अशी आखडली की पाइपची कडी लागेना. शेकोटीजवळ बसलो, पुढून शेक लागत होता तरी पाठीवरचा ओला कपडा अंगातली ऊब ओढतच होता. कोरडा स्वेटर चढवला तेव्हा कुठे दात वाजायचे थांबले. घर हाकेच्या अंतरावर होतं म्हणून काही वाटलं नाही. वरच्या मुक्कामी, ३,४०० मीटरवर, घर कुठलं?

म्हणून यादीत पहिली ओळ लिहिली: कापूस नको. बनियन नाही, जीन्स नाही, सुती मोजेही नाहीत. कापसाचा धागा पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही आणि ओला झाला की ऊब देत नाही. लोकर ओलसर झाली तरी बरीच ऊब राखते. अंगालगत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, उबदार कृत्रिम कापडाचा थर, त्यावर वारा आणि बर्फ अडवणारं जॅकेट. जाड पिसांचं जॅकेट चालताना घालायचंच नाही, ते थांबल्यावर. पिसं भिजली की चपटी होतात आणि मग तीही कामाची नाहीत. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या कापूस पिकतो त्या घरातून जाताना हे लिहिणं जिवावर आलं. मायने माझ्यासाठी नवी गादी भरायला सरकी काढलेला कापूस बाजूला ठेवलाय. त्या गादीवर परत आल्यावर झोपेन.

बाहेरच्या पाण्याइतकाच घामही घातक. चढावर जोर लावला की आतला थर भिजतो आणि थांबलो की तोच गार पडतो. तेव्हा चढ लागायच्या आधीच एक थर उतरवायचा आणि बोलता येईल इतक्याच चालीने चालायचं. बरोबर येणाऱ्यांतला धाकटा पोरगा सगळ्यात तगडा आहे, त्यालाच हे समजावणं अवघड जाणार. येत्या रविवारी धामणगाव गढीच्या बाजूने पाठीवर बारा किलो घेऊन चिखलदरा चढायचा आहे, तिथे त्याला मुद्दाम सगळ्यांच्या मागे ठेवतो.

रात्रीचं थोडक्यात. झोपायचे मोजे वेगळे, पिशवीत बांधलेले, दिवसा त्यांना हात लावायचा नाही. स्लीपिंग बॅगवर ती किती थंडीत चालेल याचे आकडे असतात, त्यातला आरामात झोप लागेल तो ‘कम्फर्ट’चाच धरायचा. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो आणि मग तोंड मोकळं राहतं. मोबाइल आणि टॉर्चचे सेल अंगाजवळ. तंबूची चेन थोडी उघडी ठेवायची, नाहीतर आपल्याच श्वासाची वाफ आत गोठून सकाळी अंगावर गळते. पुन्हा ओलच.

खाण्याचं वहिनीने आधीच हाती घेतलंय. शेंगदाणा-तिळाचे लाडू, जवसाची चटणी आणि सातूचं पीठ. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, वजनाच्या मानाने याहून चांगला माल दुकानात मिळायचा नाही. सातूला गरम पाणी आणि गूळ पुरे. लाडू मात्र लहान वळायला सांगितलेत, गारठ्यात मोठा लाडू दातांनी फुटत नाही.

माय जेवताना गप्प होती. मग म्हणाली, “एवढ्या बर्फात कायले जातं रे? काय ठेवलं हाये तिकडं?” मी म्हटलं, “माय, पाह्याचंय मले.” ती म्हणाली, “मंग पाह्यजो. पन जीव घाबरला तं परत फिरजो.” बाबांनी तिचंच बोलणं धरलं आणि विचारलं, परत फिरायचं कोण ठरवणार? प्रश्न बिनतोड होता. तिथल्या तिथे ठरलं: सोबत सांकरीचाच गाईड असेल आणि त्याचा शब्द शेवटचा. कुणाचं डोकं दुखून मळमळायला लागलं तर गोळी घेऊन वर जायचं नाही, खाली उतरायचं. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० ते ६५ टक्केच असतो, तिथे हट्टाने काही मिळत नाही.

म्हणूनच मला एक रात्र जादा हवी आहे. वाटेवरचा जुडा का तालाब हा तलाव २,८०० मीटरच्या जवळपास, वरचा तळ ३,४०० च्या आसपास. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची रात्रीला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये असं डॉक्टर सांगतात. सपाटीवरून येणाऱ्या आम्हाला तलावाशी दोन रात्री काढल्या तर फायदाच. मुक्काम मात्र वनखात्याने नेमलेल्या जागीच. बुग्याळांवर, म्हणजे पहाडावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री राहायला उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली, आणि मला ते पटतं. गवताची जमीन तुडवली की काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे नागपूर-दिल्लीचं याच आठवड्यात. देहरादूनहून सांकरी दोनशे किलोमीटर, जीपचा अख्खा दिवस. उद्या सकाळी गाईडला फोन करून जादा रात्रीचं विचारतो. तो हो म्हणाला की परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढायचं, आणि बाबांना सांगायचं की हरभऱ्याचं शेवटचं पाणी मी जायच्या आधी देऊन जाईन.