माठाला ऑइलपेंट, माझी अक्कल

आज भुसावळात पारा 45 च्या वर, दुपारी लाईट गेलेली, अन् माठातलं पाणी कोमट!! नवाकोरा माठ, गेल्या रविवारी मीच हौसेने बाहेरून ऑइलपेंट मारून त्यावर वारली डिझाईन काढलेलं, फोटोला लाईक पण भरपूर आले होते. आजीने एक घोट घेतला, माठावरून हात फिरवला, हात कोरडाच. म्हणे, "माठले रंग देतस का रे कोनी? त्याले घाम कसा येई?"

बरोबरच आहे ना. मातीच्या बारीक भोकांतून पाणी झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते अन् त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातूनच ओढली जाते. 1 ग्रॅम पाणी उडायला साधारण 580 कॅलरी, म्हणजे तेवढ्यात अर्ध्या लिटरच्या वर पाणी 1 डिग्रीने गार! अन् मी शहाण्याने भोकंच बुजवली.

मग जुना काळा माठ निघाला, ओलं गोणपाट गुंडाळून ओट्यावर वाऱ्याला ठेवला, संध्याकाळी काय गार पाणी प्यालो राव.

लाईट आल्यावर कूलर लावून मी सवयीने दार-खिडक्या बंद केल्या तर आजी उठून खिडकी उघडून आली. दमट हवा बाहेर निघाली पाहिजे, नाहीतर घरात नुसती चिकचिक. (मुंबईच्या मावसभावाला आमच्या कूलरचं कौतुक सांगून उपयोग नाही, तिकडे हवाच ओली.)

रंगवलेल्या माठात आता मनीप्लांट लावतोय.