पैसे पोहोचतात, आता गिऱ्हाईकापर्यंतची वाट दाखवा

डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात आणि नवी मुंबईत परदेशस्थ मुलांची, भाच्यांची, जुन्या वर्गमित्रांची वर्दळ असते. लग्नकार्ये, आईवडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया, बँकेतली केवायसी अशी कामे उरकता उरकता त्यांपैकी कोणीतरी मनापासून विचारते की, तिकडे राहून इकडच्या उद्योगधंद्यासाठी आम्हाला काही करता येईल का. रबाळे एमआयडीसीतल्या एका लहान गाळ्यात टर्निंगची, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातण्याची, कामे करणारा माणूस म्हणून माझे उत्तर ठरलेले आहे. देणगीचा चेक सर्वांत शेवटी. त्याआधी तुमच्या कंपनीचा खरेदी विभाग माल कशावरून निवडतो आणि कशासाठी नाकारतो, ते आम्हाला समजावून सांगा.

पैशांच्या बाबतीत परदेशस्थ भारतीयांनी हात आखडता घेतला, असे कोणीच म्हणणार नाही. २०२२ मध्ये त्यांनी मायदेशी पाठवलेली रक्कम १०० अब्ज डॉलरच्या वर गेली आणि एका वर्षात हा आकडा ओलांडणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. या विषयात केरळचे नाव नेहमी घेतले जाते. पण रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा आणि १९.७ टक्के केरळचा आहे. पोखरणनंतर निर्बंध लागले तेव्हा, १९९८ मध्ये, स्टेट बँकेच्या रिसर्जंट इंडिया बाँडमध्ये याच मंडळींनी ४.२ अब्ज डॉलर गुंतवले होते. अर्थात तेही व्याजाने घेतलेले कर्जच होते आणि ते व्याजासह फेडावे लागले.

घरी येणाऱ्या पैशांचा मोठा भाग घरखर्चात, औषधपाण्यात आणि आईवडिलांकडे दिवसभर थांबणाऱ्या बाईंच्या पगारात जातो, आणि तो तिथेच जायला हवा. उरलेला भाग कुठे जातो, ते पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. सीवूड्सला सिडकोने परदेशस्थ भारतीयांसाठी बांधलेल्या वसाहतीला रिक्षावाले आजही ‘एनआरआय कॉम्प्लेक्स’ म्हणूनच ओळखतात. घोडबंदर रोडवर आणि खारघरला संध्याकाळी नजर टाकली, तर दिवा न लागलेल्या कितीतरी खिडक्या दिसतात. बंद फ्लॅटमुळे बिल्डरचा आणि ब्रोकरचा धंदा झाला, सोसायटीला मेंटेनन्स मिळाला. त्यापलीकडे त्या पैशाने इथे कोणाच्या हाताला कायमचे काम दिले, असे मला दिसत नाही.

कोकणातल्या माणसाला हा अनुभव नवा नाही. गिरणीत काम करणारा चाकरमानी दरमहा मनीऑर्डर करत असे आणि गावोगावच्या मुंबईकर मंडळांनी वर्गणी काढून शाळेच्या खोल्या, पाखाड्या (दगडी पायवाटा), देवळांचे सभामंडप उभे केले. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. माझे स्वतःचे प्राथमिक शिक्षण अशाच एका खोलीत झाले आहे. पण त्या शाळेतून सातवी झालेला मुलगाही पुढे मुंबईच्याच एसटीत बसला. गावात पैसा आला, आंबा-काजूवर प्रक्रिया करून तो बाहेर विकण्याचे ज्ञान आणि बाहेरचे गिऱ्हाईक मात्र त्या मनीऑर्डरीबरोबर आले नाही. आज मुंबईच्या जागी म्युनिक किंवा न्यू जर्सी आले आहे, एवढाच फरक.

उलट उदाहरण आमच्याच गाळ्यातले आहे. पॉलिटेक्निकचा माझा एक मित्र जर्मनीत यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीच्या खरेदी विभागात आहे. तिकडच्या एका मध्यम आकाराच्या कारखान्याने आमचे नमुने नाकारले होते आणि आम्ही आपले मापांतच चूक शोधत बसलो होतो. मित्र सुट्टीवर आला असताना एका दुपारी गाळ्यात येऊन बसला. त्याने मायक्रोमीटरला हातही लावला नाही. आधी भिंग मागितले, जॉबच्या, म्हणजे कातलेल्या भागाच्या, कडेवर नख फिरवले आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली एक बारीक टीप दाखवली. कड किती मोडायची, याची किमान आणि कमाल मर्यादा तिथे दिलेली होती, आणि आमचा कारागीर बर (कापताना कडेला उरलेला धातूचा कंगोरा) काढण्यासाठी कानस अंदाजाने फिरवत होता. मग त्याने कागद मागितले. युरोपातल्या गिऱ्हाईकाला कच्च्या मालासोबत ३.१ प्रकारचे प्रमाणपत्र लागते, म्हणजे ज्या वितळणीतून तो बार ओतला गेला, तिचा हीट नंबर आणि त्याच मालाच्या तपासणीचे निष्कर्ष. ते प्रमाणपत्र आमच्या फाइलमध्ये होते. पण कोणता जॉब कोणत्या बारमधून कापला, हे सांगण्याची सोय गाळ्यात नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक हीटच्या बारच्या टोकाला वेगळा रंग लावला जातो, कापलेल्या तुकड्यांच्या ट्रेमध्ये त्याच रंगाचे कार्ड असते, आणि ते कार्ड पॅकिंगपर्यंत ट्रेची साथ सोडत नाही.

या सगळ्यात त्याने एक रुपयाही गुंतवला नाही. स्वतःच्या कंपनीकडे आमची शिफारस करता येणार नाही, तो हितसंबंधांचा प्रश्न होईल, हे त्याने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले, आणि मला ते आवडले. मात्र नंतरच्या काळात तो नियमाने संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर येत राहिला. जर्मनीशी आपला फरक साडेतीन-साडेचार तासांचाच असल्याने ते जमते. अमेरिकेतल्या मंडळींना कोणातरी एकाची झोप मोडावी लागते. रंगाची आणि कार्डाची ही पद्धत शेजारच्या गाळ्यांनीही उचलली, कारण एमआयडीसीत चांगली युक्ती फार दिवस लपून राहत नाही.

तिकडचे ज्ञान जसेच्या तसे इथे आणून चालत नाही, हेही खरे. १९८४ मध्ये सॅम पित्रोदा अमेरिकेतला अनुभव घेऊन सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेच्या उभारणीत उतरले, तेव्हा तिथे तिकडच्या टेलिफोन एक्स्चेंजची नक्कल झाली नाही. ग्रामीण भागासाठी तयार केलेले छोटे एक्स्चेंज धुळीत, उन्हाळ्यात आणि वातानुकूलनाशिवाय चालेल, अशा बेताने आखलेले होते. आमच्या मित्राने महागड्या सॉफ्टवेअरऐवजी ऑइलपेंटचे डबे सुचवले, ते त्याच जातीचे शहाणपण.

म्हणूनच तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन ‘उद्योजकता’ या विषयावर दीड तास बोलून जाणाऱ्यांविषयी मला फारसा उत्साह वाटत नाही. शाल-श्रीफळ होते, फोटो निघतात, आणि सोमवारी गाळ्यात पुन्हा तेच रिजेक्शन पडलेले असते. त्याऐवजी पंधरवड्यातून एक तास, पण वर्षभर, असा वेळ द्यावा. आणि आयटीआयमध्ये शिकवायचेच असेल, तर मुलांच्या आधी निदेशकांना शिकवावे, कारण मुलांची तुकडी बाहेर पडते आणि निदेशक तिथेच राहतो. सरकारची वज्र योजना २०१७ पासून परदेशस्थ शास्त्रज्ञांना इथल्या संस्थांमध्ये काही काळ बोलावते, पण ती विद्यापीठांसाठी आणि प्रयोगशाळांसाठी आहे. रबाळ्याचा गाळा किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले शेड तिच्या कक्षेत येत नाही.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत, त्यांनी आधी स्वतःचा पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून, बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय देणगी धरली जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले, त्याच्याकडे मूळ भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी त्याची देणगी मात्र परकीय ठरते आणि ती घेण्यासाठी संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या नियमन कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते आणि ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. गावाकडच्या मंडळाला हे सगळे झेपणारे नाही, आणि चांगल्या हेतूने पाठवलेल्या रकमेमुळे त्याचे पदाधिकारी अडचणीत येऊ शकतात.

देणगीपेक्षा भागीदारी बरी, असे माझे मत आहे. शेती, स्थावर मालमत्तेचा व्यवसाय आणि वृत्तपत्रे वगळता भागीदारी पेढीत परदेशस्थ भारतीयाला आणि ओसीआय कार्डधारकालाही पैसे गुंतवता येतात. अट एवढीच की, मूळ रक्कम परदेशी परत नेता येत नाही. लहान कारखान्याचा जीव बहुतेक वेळा खेळत्या भांडवलात अडकलेला असतो. कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे असूनही मोठी पार्टी ते थकवते आणि पुरवठादार पुढची ऑर्डर जाईल या भीतीने गप्प बसतो. अशा वेळी घाई नसलेला भागीदार बँकेच्या कॅश क्रेडिटपेक्षा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जापेक्षा, उपयोगी पडतो. शिवाय त्याचे स्वतःचे पैसे अडकलेले असल्यामुळे तो फोनही वेळेवर उचलतो.

तेव्हा येत्या जानेवारीत येणाऱ्यांनी बॅगेत चॉकलेटांबरोबर आपल्या क्षेत्रातल्या, गोपनीय नसलेल्या आणि तिकडे बनवायला महाग पडणाऱ्या दहा-बारा सुट्या भागांची यादी आणावी. ठाण्यात लघुउद्योजकांची आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखानदारांची संघटना आहे. तिथे ती यादी दाखवली, तर कोणता भाग कोणत्या गाळ्यात होऊ शकेल, हे सांगणारी माणसे तिथेच भेटतील. भाषणाची तयारी करून येण्याची गरज नाही, मात्र ड्रॉइंग वाचून दाखवण्याइतका वेळ हाताशी ठेवावा.