वर्ग कुठून आला?

आज लेकीने विचारलं, "बाबा, त्वरणाच्या एककात सेकंदाचा वर्ग कुठून येतो? सेकंदाला सेकंदाने गुणायचं म्हणजे काय?" त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर, ही व्याख्या तिला पाठ होती, पण प्रश्न अगदी खरा होता. मलाही शाळेत हाच पडला होता आणि तो मी गिळला होता.

मग दीड मीटरची खाच असलेली फळी काढली, एका टोकाखाली पुस्तकं रचून 15 सेंटीमीटर उचलली. फोनवर मिनिटाला 120 ठोके लावले. ठोक्याला गोटी सोडायची आणि पुढच्या प्रत्येक ठोक्याला ती जिथे असेल तिथे खडूची खूण. सुरुवातीला काही जमेना, हळूहळू हात बसला. खुणांमधली अंतरं आली 9, 27, 46, 62 सेंटीमीटर. नवाने भागलं तर जवळजवळ 1, 3, 5, 7! अंगावर काटा आला. उतारावरून गोळा सोडून गॅलिलिओने हेच पाहिलं होतं, 400 वर्षांपूर्वी, आणि वेळ मोजायला त्याच्याकडे भांड्यातून गळणारं पाणी होतं.

अर्ध्या सेकंदात 9, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला 18 सेंटीमीटर. पुढे 54, मग 92, मग 124. दर अर्ध्या सेकंदाला साधारण 36 ची भर, म्हणजे सेकंदाला 72.

ती एकदम ओरडली, "सेंटीमीटर दर सेकंदाला, आणि तेही दर सेकंदाला वाढतात! सेकंद दोनदा येतो!"

आत्ता ती फळीखाली आणखी एक पुस्तक सरकवतेय.