पुण्याहून एका दिवसात चौल-रेवदंडा: वाड्यांमध्ये दडलेले बंदरशहर

पुण्याहून एका दिवसात समुद्र गाठायचा म्हटले की बहुतेकांची गाडी अलिबागला थांबते, कुलाबा किल्ला पाहते आणि तिथूनच परत फिरते. अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरवर कुंडलिका खाडीच्या मुखाशी असलेले चौल-रेवदंडा एकट्याने पाहायला गेल्यास हाती फारसे लागत नाही, कारण हे शहर आज नारळ-पोफळीच्या वाड्यांखाली आणि घरांच्या परसात विखुरलेले आहे. म्हणूनच आम्ही माहीतगार मार्गदर्शकासह जाणाऱ्या लहान गटाची सहल निवडली आणि दिवसभरात या जोडगावाखेरीज दुसरे काहीही पाहायचे नाही, असे आधीच ठरवून घेतले. सहलीच्या पत्रकात कुलाबा, चौल, कोर्लई आणि मुरूड एकाच दिवसात दाखवण्याचे आश्वासन असेल, तर ती सहल खुशाल सोडून द्यावी.

पहाटे साडेपाचला कोथरूडहून निघून द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण, वडखळ, पोयनाड अशा मार्गाने आम्ही पोहोचलो. थांबे धरून चार तास लागतात. शनिवार-रविवारी वडखळच्या आसपास वाहने तुंबतात, त्यामुळे नाश्ता पेण ओलांडल्यावरच करावा.

रेवदंड्याचा किल्ला डोंगरावर नाही आणि पाण्यातही नाही. गावाभोवतीची तटबंदी हाच किल्ला असून वाहता रस्ता तिला छेदून आत शिरतो. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने येथे बांधकाम सुरू केले आणि पुढे १५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीचा मोठा वेढा याच शहराने परतवून लावला. वसई पडल्यानंतर, १७४० मध्ये, हे ठाणे मराठ्यांकडे आले. दरवाजावरील पोर्तुगीज राजचिन्ह इतके झिजले आहे की आम्हांला आधी नुसता खडबडीत दगडच दिसला. मार्गदर्शकाने खिशातला छोटा आरसा काढून त्यावर तिरका कवडसा पाडला, तेव्हा ढालीची कड आणि वरचा मुकुट स्पष्ट उमटला. अशा सहलीचे पैसे नेमके कशासाठी मोजायचे, ते मला तिथे कळले.

वाड्यांमधून पायवाटेने गेल्यावर सातखणी मनोरा लागतो. फ्रान्सिस्कन मठाच्या या मनोऱ्याचे आता निम्मे-अर्धे मजलेच उभे आहेत आणि पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. बहुतेक अवशेष खासगी वाड्यांच्या हद्दीत असल्याने आत शिरण्यापूर्वी घरच्यांना विचारावे, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांवरून चालू नये आणि पडलेला नारळ उचलू नये. आमच्या मार्गदर्शकाला प्रत्येक अंगणात नावाने हाक मारली जात होती, त्यामुळे दारे आपोआप उघडत गेली. ओहोटी असल्यास समुद्राच्या बाजूने तटाच्या कडेने चालता येते; पंचमी-षष्ठीच्या सुमारास सकाळी दहाच्या आसपास पाणी ओसरलेले असते, हा ढोबळ हिशेब तारीख ठरवताना उपयोगी पडतो.

पुणेकरांना विशेष जवळचा वाटावा असा धागा येथील एका शाळेच्या आवारात आहे. त्वेरचा रशियन व्यापारी अफनासी निकितिन १४६९ च्या सुमारास चौलच्या बंदरात उतरला, त्याचे स्मारक तेथे उभारले आहे. बरोबर आणलेला घोडा विकून नफा कमवावा, अशा बेताने आलेला हा माणूस घाट चढून जुन्नरला पोहोचला आणि तिथल्या अधिकाऱ्याने त्याचा घोडाच काढून घेतला. निकितिनने जुन्नरच्या पावसाचे वर्णन लिहून ठेवले आहे. चौलला उतरलेला माल घाटावर चढवण्याची वाट त्याच्याही पूर्वी शेकडो वर्षे वापरात होती. कान्हेरीच्या शिलालेखांत हे गाव चेमुल या नावाने येते. शाळा सुरू असल्यास मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी लागते, तेव्हा सुट्टीचा दिवस किंवा आधी केलेला फोन सोयीचा.

जेवण घरगुती खानावळीत घ्यावे, मात्र ताटांची संख्या सकाळी निघतानाच कळवावी, कारण आयत्या वेळी गेल्यास मासळी उरत नाही. शाकाहारी मंडळींनी वालाचे बिरडे आवर्जून मागावे. जेवणानंतर आम्हांला तासभर विश्रांती दिली गेली. एवढी उसंत देणारी सहल विरळाच, आणि ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

दुपारनंतर चौलचे रामेश्वर मंदिर पाहिले. समोर पुष्करणी आणि आत पर्जन्य, अग्नी व वायू अशी कुंडे असून, अवर्षणात पर्जन्यकुंड उघडण्याची प्रथा गावात सांगितली जाते. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या आमच्यातील तरुणांनीच चढल्या. इतरांनी पुष्करणीच्या काठावर बसणे पसंत केले आणि त्यांचे काही बिघडले नाही. रेवदंड्यातील बेने इस्रायली समाजाचे बेथ एल सिनेगॉग बाहेरूनच पाहिले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; पावसाळ्यात तटावर रान माजते आणि दगड शेवाळाने निसरडे होतात. वाड्यांमध्ये डास पुष्कळ असल्याने पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि चपलांऐवजी बूट वापरावेत. स्वच्छतागृहाची खात्रीची सोय जेवणाच्या ठिकाणीच आहे. परतीला साडेचारच्या आत निघाल्यास नऊपर्यंत पुणे गाठता येते. उन्हाळ्याच्या तोंडावर गेल्यास अलिबागजवळ रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या विकायला असतात. भाव पहिल्या टपरीवर न ठरवता दोन-तीन ठिकाणी विचारावा आणि वेणी हातात घेऊन आतला कांदा दाबून पाहावा, कारण ओल्या कांद्याची वेणी घरी टांगल्यावर आठवड्याभरात सडू लागते.