धरण उशाला, कोरड घशाला
आज कामानिमित्त शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. विहिरीत गढूळ पाण्याचं डबकं उरलेलं, रस्त्याकडेला निळे ड्रम टँकरची वाट बघत उभे. एक आजी म्हणाल्या, "धरान आमचं, पानी तुमचं, बाय."

खरंच आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या ७ तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहरातले. तानसाचं पाणी १८९२ पासून येतंय, आणि एकट्या भातसावर जवळपास निम्मी मुंबई जगते. ही दोन्ही धरणं शहापूरचीच! पावसाळ्यात तिथं धो धो कोसळतं, आणि मे महिन्यात तिथल्याच बायकांच्या डोक्यावर हंडे. फार वाईट वाटलं.

रात्री घरी पोचले तर सोसायटीची टाकी ओसंडून वाहत होती. वॉचमनकाकांना हाक मारून आधी पंप बंद करायला लावला. रविवारच्या मीटिंगमध्ये बॉलकॉक बदलायचा विषय मी काढणार आहे.